बॉइंक, आठ महिने: कामाबद्दल तक्रार नाही, पंख्याबद्दल आहे

मागच्या आठवड्यात सीपीयूवरचा पंखा गेला. आधी आठ दिवस सुपारी कातरल्यासारखा आवाज करत होता, मग एका दुपारी पडद्यावर नुसतंच 'सीपीयू फॅन एरर'. डबा उचलून दुकानात नेला. तिथल्या पोराने एफ-वन दाबून मशीन कसंबसं चालू केलं, घड्याळाशेजारचं बॉइंकचं चिन्ह पाहिलं आणि म्हणाला, "काका, बिटकॉइनचं मायनिंग करता का? मग वॉरंटीत बसत नाही."

मी म्हटलं, मायनिंग नाही बाबा, न्यूट्रॉन तारे शोधतोय.

"त्याचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मग कशाला?"

वॉरंटीच्या कागदावर असली अट कुठेही नव्हती. दोन खेपा घातल्या, आवाज चढवून पाहिला, शेवटी साडेसहाशे रुपये खिशातून घालून नवा पंखा आणला. जुना काढला तर खालच्या जाळीत उशी भरता येईल एवढा धुळीचा कापूस. ते पाहून माझा आवाज जरा उतरला, हे कबूल करतो.

बॉइंक म्हणजे आपल्या संगणकाची रिकामी ताकद शास्त्रज्ञांच्या हिशेबांना देणारं सॉफ्टवेअर, याहून जास्त सांगत बसत नाही. इथे येणाऱ्या बहुतेकांनी कधीतरी त्यावर परग्रहवासीयांचे संकेत शोधणारं सेटी अ‍ॅट होम चालवलेलं असणार. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम पाठवणं थांबवलं आणि मीही बॉइंक काढून टाकलं होतं. गेल्या ऑक्टोबरात परत टाकलं ते न्यूट्रॉन तारे शोधणाऱ्या आइनस्टाइन अ‍ॅट होमसाठी. कारण घरचंच आहे. आमच्या परभणीहून पन्नासेक किलोमीटरवर, औंढा नागनाथच्या बाजूला, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. ती होईल तेव्हा होईल. तोवर अमेरिकेतल्या दोन लायगोंच्या नोंदी चाळायला आपला सहा कोअरचा डबा का लावू नये, एवढाच विचार. एकदा लोभापायी युरोपातल्या महाकाय कण-यंत्राचे हिशेब करणारं एलएचसी अ‍ॅट होमही जोडलं होतं. त्याच्या बऱ्याच कामांना व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो आणि माझी रॅम आठ जीबी. दोन दिवसांत हात जोडले.

आता मुद्दा. 'मागे गुपचूप चालतं, तुम्हाला कळणारही नाही' ही जी ख्याती आहे, ती सीपीयूपुरती शंभर टक्के खरी. कामं सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर चालतात. मी दिवसभर हिशेबाच्या शीट उघडून बसतो, मधे व्हिडिओ लावतो, पण टाइप करताना अक्षर अडखळलंय असं एकदाही झालं नाही. मांजर चुलीपाशी यावं तसं बॉइंक रिकाम्या वेळेत येऊन बसतं, आपण हललो की उठतं.

पण प्रायॉरिटी सीपीयूला कळते, पंख्याला नाही. पंखा बघतो फक्त तापमान. काम कुणाचंही असो, मालकाचं की ताऱ्यांचं, चिप तापली की तो ओरडणार.

माझ्या बाबतीत तर तो ओरडतही नव्हता, धापा टाकत होता. घूंऽऽ... शांत. घूंऽऽ... शांत. दिवसभर. आई शेजारच्या खोलीत झोपते, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्याला दमा झालाय का रे?" मी फॅन बदलायला निघालो होतो. बायोसमध्ये शिरलो, पंख्याची चढण सौम्य केली, थोडा फरक पडला. जानेवारीत वैतागून एका ग्रुपवर 'भिकार सॉफ्टवेअर, पाचपैकी दोन तारे' असं लिहूनही मोकळा झालो.

ते दोन तारे आता मागे घेतो. घोळ माझाच होता. सेटिंगमध्ये टक्क्यांचे दोन रकाने शेजारीशेजारी आहेत: एक 'ऑफ द सीपीयूज', दुसरा 'ऑफ सीपीयू टाइम'. मी शहाणपणा करून दुसऱ्यात ६० घातले होते. मला वाटलं सीपीयू साठ टक्के वेगाने चालेल. तसं होत नाही. बॉइंक कामं थोडा वेळ पूर्ण जोराने चालवतं, मग थोडा वेळ थांबवतं, परत चालवतं. सगळं सेकंदांच्या हिशेबात. म्हणजे तापमान वर-खाली, वर-खाली, आणि पंखा त्याच्या मागे धावतोय. दुसऱ्या रकान्यात १०० ठेवा आणि पहिल्यात ५०, की सहापैकी तीनच कोअर लागतात, पण एकसारखे. धापा त्याच संध्याकाळी थांबल्या. एवढं सगळं ज्या एका आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्यासमोर 'पंखा पिसाळेल' अशी एक ओळ लिहायला बनवणाऱ्यांचं काय जात होतं?

तरी एक अखंड गुणगुण उरलीच. ती गेली विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केल्यावर. एका टक्क्याने टर्बो, म्हणजे चिपचा जादा वेग, बंद होतो. तापमान ८४ वरून ६५ वर आलं. मला तर सेकंदाचाही फरक जाणवत नाही. कामं उशिरा होतात, होऊ देत, त्यांना चौदा दिवसांची मुदत असते.

विजेचं आता सांगतो, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. प्लगमध्ये लावायचा मीटर आणला. मशीन नुसतं चालू: ३५ वॉट. सहाही कोअर जुंपले: ९५. तीन कोअर, टर्बो बंद: ५२. नोव्हेंबरात उत्साहाच्या भरात रात्रंदिवस चालवलं होतं, बिल आलं १४८ युनिटचं. आमचं एरवी नव्वदच्या आत-बाहेर. शंभरच्या पुढच्या प्रत्येक युनिटला दर जवळजवळ दुप्पट, हे महाराष्ट्रात कुणाला समजवायला नको. आता फक्त मी कामावर बसतो तेवढे दहा तास चालतं, म्हणजे महिन्याला जास्तीचे पाचेक युनिट. शंभरीच्या आत. एप्रिल-मेमध्ये कूलरमुळे शंभरी तशीही मोडते, त्यात खोलीच चाळीसला टेकलेली. तेव्हा दुपारी सरळ स्नूझ, म्हणजे बॉइंकला तात्पुरती सुट्टी.

आणखी दोन गोष्टी. कामं थांबवल्यावर मेमरीत ठेवायची खूण करून ठेवा. नाहीतर प्रत्येक थांब्याला काम मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे शेवटी जतन झालं होतं तिथे, जातं. आणि आपल्या मशीनवरच्या बॉइंक मॅनेजरमध्ये केलेली सेटिंग वेबसाइटवरच्या सेटिंगवर मात करते. मी महिनाभर वेबसाइटवर आकडे बदलत बसलो होतो आणि मशीन ढिम्म.

मिळालं काय? क्रेडिटचे आकडे मिळतात, त्यांनी चहाही येत नाही. माझ्या हाती एकही पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात संकेत देणारा न्यूट्रॉन तारा, लागलेला नाही. २०१० मध्ये मात्र याच प्रकल्पात, अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमधून, अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस यांच्या घरच्या संगणकांनी प्रकल्पाचा पहिला पल्सार पकडला होता. दोन ठिकाणची मशीनं, कारण एकच काम दोघांना देऊन उत्तरं ताडून बघतात. तो दुसरा, ज्याला विंगमॅन म्हणतात, त्याचं उत्तर आलं नाही की आपलं काम 'पेंडिंग'मध्ये लटकतं.

माझी सध्या दोन लटकली आहेत. समोरच्याने नऊ दिवस मशीन लावलेलं दिसत नाही. त्याचाही पंखा गेला असेल.