रोवळी, घोसाळ्याची जाळी आणि माठ: फ्लॅटमध्ये एक पावसाळा काढल्यानंतर

पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहतो आणि स्वयंपाक आलटूनपालटून करतो. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं की स्वयंपाकघरातली प्लास्टिकची वस्तू तुटली किंवा फाटली की तिच्या जागी शक्यतो हाताने घडवलेली वस्तू आणायची. आता दुसरी दिवाळी जवळ आली आहे. एक हिवाळा, एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा या वस्तूंनी आमच्याकडे काढला, म्हणून आता लिहितो आहे. नवी टोपली घरी आल्याच्या आठवड्यात सुंदरच दिसते. तिचं खरं काय ते श्रावणात कळतं.

धडधाकट प्लास्टिकचे डबे आम्ही फेकले नाहीत. डाळी-तांदळाचे जुने डबे अजून फळीवर आहेत आणि झाकणं बसेनाशी होईपर्यंत राहतील. चालणारी वस्तू कचऱ्यात टाकून तिच्याऐवजी नवी विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

सगळ्यात आधी बांबूबद्दल, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला आणि शिकायलाही त्यातच सगळ्यात जास्त मिळालं. पहिली टोपली ऑनलाइन मागवली होती. दिसायला चकचकीत, वरून पॉलिश मारलेली. कांदे ठेवायला लागलो आणि काही आठवड्यांत तिच्याखाली पिठासारखा बारीक पिवळा भुसा पडू लागला. झटकावा, पुसावं, दोन दिवसांत पुन्हा तेच. नीट पाहिलं तर कांब्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की हा नैसर्गिक पदार्थ आहे, असं व्हायचंच.

तसं ते व्हायलाच हवं असं नाही, हे रविवार पेठेतल्या बुरूड आळीत गेल्यावर कळलं. तिथे एका मावशींनी मी टोपलीला हात लावायच्या आत विचारलं, "दादा, कशाला पायजे? तांदूळ धुवायला का कांदं ठिवायला?" तांदूळ धुवायला म्हटल्यावर त्यांनी मी उचलणार होतो ती बाजूला ठेवली आणि आतून दुसरी रोवळी काढून दिली. "ती नका नेऊ. कवळा बांबू हाय तिचा. कवळ्यात गोडवा असतो, किडा तिथंच जातो."

मावशी ज्याला गोडवा म्हणाल्या तो म्हणजे बांबूतला पिष्टमय भाग. भुसा पाडणारा छोटा भुंगा त्याच्यावरच जगतो. कोवळ्या बांबूत तो भाग जास्त असतो, तीनेक वर्षांच्या पक्व बांबूत कमी. पावसाळ्यात कोंब फुटायच्या दिवसांत तोड करायची नाही, पाऊस सरल्यावर करायची, ही पद्धत त्यातूनच आली. म्हणून टोपली घेताना आता मी दोन गोष्टी विचारतो: बांबू कधीचा आणि कुठला. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याच्या वस्तू वजनाला जड लागतात आणि दणकट असतात. पॉलिश मारलेली वस्तू खाण्याच्या वापरासाठी घेतच नाही. पॉलिशखाली बांबू कोवळा आहे की जून, हे दिसत नाही.

तिसरी गोष्ट पाहायची ती काठ. पूर्वी काठ वेताने किंवा बांबूच्याच पातळ पातीने बांधत. आता बऱ्याच ठिकाणी तार किंवा नायलॉनची दोरी दिसते. कांदे-बटाट्याच्या टोपलीला तार चालते, पण रोवळीला नको. रोज पाणी लागून ती गंजते आणि तांदळाला तांबूस डाग पडतात. मावशींकडची रोवळी पातीने बांधलेली होती. दीडशे रुपयांच्या आत मिळाली, घासाघीस केली नाही.

तर ही रोवळी कशी चालली? तांदूळ, डाळी, मोडाची कडधान्यं, पालेभाजी, सगळं तिच्यात धुतो. पाणी झरझर निथळतं, प्लास्टिकच्या चाळणीपेक्षा लवकर, कारण विणीला उतार आहे आणि फटी लांबट आहेत. बारीक तांदूळ मात्र फटींत अडकतो. आंबेमोहोर धुतला की रोवळी उपडी करून तळाला दोन थापा माराव्या लागतात. राजगिरा, खसखस यांच्यासाठी तिचा उपयोग नाही, तिथे स्टीलची बारीक चाळणीच हवी.

खरी परीक्षा जूनच्या शेवटी सुरू झाली. ओटा ओला, हवा ओली, बाल्कनीत ऊन नाही. आतल्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागले, म्हणजे बुरशी. आजी आयुष्यभर बांबूच्याच वस्तू वापरायची, तिच्याकडे असं का होत नसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर आईने दिलं: आजीच्या रोवळ्या, सुपं, परड्या चुलीच्या वरच्या बाजूला टांगलेल्या असत. रोज दोन वेळा धूर आणि ऊब. त्या धुराने बांबू कोरडा राहायचा आणि किडाही त्याच्या वाटेला जात नसे. शिवाय धान्याच्या कणग्या, टोपल्या शेणाने सारवल्या जायच्या, अंगणात ऊन असायचं. वस्तू तीच आहे, घर बदललंय. या वस्तू चूल, अंगण आणि सारवलेली जमीन असलेल्या घरासाठी घडल्या. आपल्या गॅसच्या, टाइलच्या घरात त्यांना जे मिळत नाही ते आपण मुद्दाम द्यावं लागतं. वर्षभरात मला कळलेली मुख्य गोष्ट हीच, आणि पुढच्या प्रत्येक वस्तूला ती लागू पडली.

आता रोवळी वापरून झाली की कडक ब्रशने घासतो, झटकतो आणि गॅसच्या बाजूच्या खिळ्याला टांगतो. ओट्यावर पालथी ठेवत नाही, खालून हवा लागत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उकळतं पाणी ओतून पंख्याखाली वाळवतो. काळे ठिपके थांबले. पडलेले डाग गेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. ज्यांना भांडं धुवून तसंच ओलं कपाटात ठेवायची सवय आहे आणि ती बदलायची नाही, त्यांनी रोवळी घेऊ नये असंच मी सांगेन.

कांद्यांची टांगती टोपली आणि भाकरीची दुरडी यांनी मात्र काहीच मागितलं नाही. दुरडीत सुती फडकं घालून भाकरी ठेवली की खालची भाकरी ओली होत नाही. प्लास्टिकच्या हॉट केसमध्ये वाफ अडकून ती चिकट व्हायची. गरम किती वेळ राहते म्हणाल, तर अर्धा-पाऊण तास, जास्त नाही. सुपाचा उपयोग वाटलं त्यापेक्षा कमी होतो, कारण धान्य निवडलेलंच येतं. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं पाखडायला मात्र त्याच्यासारखं काही नाही.

भांडी घासायला हिरवी घासणी वापरायचो. ती नायलॉनची असते, झिजते आणि झिजलेला भाग सांडपाण्याबरोबर जातो. तिच्याजागी घोसाळ्याची जाळी आणि नारळाचा काथ्या आणला. वाईजवळ सासुरवाडीच्या परसात कुंपणावर घोसाळ्याचा वेल आहे, खानदेशातली मंडळी याला गिलकं म्हणतात. भाजीला कोवळं फळ काढतात. जाळीसाठी ते वेलावरच ठेवायचं, पार तपकिरी, हलकं आणि हलवलं की बिया वाजतील इतकं वाळेपर्यंत. मग साल सोलायची, बिया झाडून काढायच्या, जाळी पाण्यात भिजवून धुवायची आणि उन्हात टाकायची. एका फळाचे तीन-चार तुकडे होतात. दोडक्याचं जून फळही चालतं, पण त्याची साल काढायला वेळ लागतो.

काच, कप, स्टीलची ताटं यांना ही जाळी उत्तम, ओरखडा पडत नाही. करपलेल्या कढईला ती पुरत नाही. तिथे काथ्या लागतो. कोकणात नारळाच्या सोडणाने भांडी घासतात तेच हे. लोखंडी तवा, बिडाची कढई यांना काथ्या, नॉनस्टिकला अजिबात नाही. उन्हाळ्यात एक तुकडा महिनाभर आरामात जातो. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांत त्याला वास यायला लागतो, मग बदललेला बरा. मधूनमधून उकळून घेतो. बाद झालेला तुकडा कंपोस्टच्या डब्यात जातो, मात्र तो लवकर कुजत नाही. कातरीने बारीक करून टाकावा लागतो.

माठाबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही. कसब्याजवळच्या कुंभारवाड्यातून साधा लाल माठ आणला, बिननळाचा. नळ लावलेले माठ त्या भोकापाशीच झिरपतात असं दोन-तीन घरी पाहिलं होतं. पहिले दोन दिवस पाणी भरून ओतून टाकलं, मग वापरात घेतला. पहिल्यांदा तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता आणि पाणी म्हणावं तसं गार होत नव्हतं. माठ गार करतो तो झिरपलेलं पाणी बाहेरून वाळतं म्हणून. वारा नसेल तर वाळणार कसं? खिडकीजवळ तिपाईवर हलवला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि एप्रिल-मेमध्ये फ्रिजमधल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची गरजच उरली नाही. मुंबईत बहिणीकडे असाच माठ आहे आणि तिची तक्रार आहे की पाणी जेमतेम गार होतं. तिचंही खरं आहे, दमट हवेत पाणी फारसं वाळत नाही. समुद्रकाठच्या शहरांत माठाकडून पुण्या-नागपूरची अपेक्षा ठेवू नये.

आमच्या इमारतीत बोअरचं पाणी मिसळतं. ते जड असल्याने उन्हाळा संपता संपता माठाच्या अंगावर पांढरा थर बसला आणि गारवा कमी झाला. क्षारांनी छिद्रं बुजतात. काथ्याने बाहेरून घासल्यावर थोडा फरक पडला, पूर्वीसारखा नाही. साबण लावायचा नाही, माती तो शोषून घेते आणि पाण्याला चव येते. कुंभारदादा म्हणाले, "दरसाल नवा घ्यावा, जुन्यात रोप लावा." दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घागर भरायची पद्धत आहेच, तेव्हाच नवा आणू. जुन्यात आता कढीपत्ता आहे.

पिशव्यांबाबत एक आकडा सांगतो, कारण त्याने माझं मत बदललं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाणसामानाच्या पिशव्यांची तुलना आहे. नवीन कापसाची पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला, फक्त हवामानावरचा परिणाम पाहिला तरी सुमारे ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन असे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. कार्यक्रमांत फुकट वाटल्या जाणाऱ्या आणि घरोघरी साठत जाणाऱ्या नव्या कापडी पिशव्यांनी काही साधत नाही. आमच्या पिशव्या जुन्या सुती साड्यांच्या आणि एका फाटक्या चादरीच्या आहेत, कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी शिवलेल्या. भाजीसाठी लहान, तोंडाला नाडी असलेल्या, आणि मटारापासून लिंबांपर्यंत प्रत्येकाला वेगळी. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असूनही मंडईत पातळ पिशवी पुढे येतेच, तेव्हा आपली पिशवी आधीच उघडून धरलेली बरी. कोथिंबीर-मेथी ओलसर मलमलीत गुंडाळून फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी सुकते. प्लास्टिकमध्ये ती सुकण्याऐवजी सडायची.

बांबूचा टूथब्रश आणला होता, पुन्हा आणणार नाही. दांडा बांबूचा असला तरी केस नायलॉनचेच असतात, ते उपटून वेगळे काढल्याशिवाय दांडा कंपोस्टमध्ये टाकता येत नाही. शिंदीची केरसुणीही आणली. सारवलेल्या जमिनीवर ती काय काम करते हे गावाकडे पाहिलं आहे, पण आमच्या गुळगुळीत टाइलवर बारीक धूळ तिच्याने निघत नाही. बाल्कनी आणि जिना झाडायला ठेवली आहे, तिथे ती फुलझाडूपेक्षा सरस आहे. दूध अजून प्लास्टिकच्या पिशवीतूनच येतं, त्यावर आमच्या भागात मला उपाय सापडलेला नाही.

कोणी विचारलं की सुरुवात कशाने करू, तर मी घोसाळ्याची जाळी आणि कांद्याची टोपली सांगतो. दोन्ही स्वस्त आहेत आणि सवय फारशी बदलावी लागत नाही. रोवळी त्यानंतर, आणि तीही दिवाळीनंतर घ्या, पावसाळ्यात नको. घ्याल तिथे शक्यतो बनवणाऱ्याच्या समोर बसून घ्या. माझ्या सुपाची एक कड गेल्या महिन्यात सुटली होती. बुरूड आळीतल्या मावशींनी ती समोर बसून बांधून दिली, वीस रुपये घेतले आणि वर सांगितलं की पुढच्या वेळी चहाच्या आधी या, दुपारनंतर हात दुखतात.