‘जोज गराज’: गिटारसाठी घ्या, विनोदाचं नंतर बघू

अमेरिकी रॉक गिटारवादक-संगीतकार फ्रँक झॅपाचा हा नाटकासारखा तीन अंकी अल्बम १९७९ मध्ये दोन हप्त्यांत आला. सप्टेंबरमध्ये पहिला अंक एका एलपीवर (मोठ्या तबकडीवर), नोव्हेंबरमध्ये दुसरा आणि तिसरा मिळून दोन एलपींवर. सीडीवर सगळं दोन डिस्कमध्ये मावतं, पण ऐकायला जवळजवळ दोन तास लागतात.

संगीत हाच गुन्हा ठरवू पाहणारं सरकार आणि गॅरेजमध्ये बँड जमवणारा जो नावाचा पोरगा, अशी ही गोष्ट. अचाट वाटते, पण कव्हरवरच्या मजकुरात झॅपाने इराणचं नाव घेतलंय. तिथे त्याच वर्षी संगीतावर गदा आली होती.

उपहास सगळीकडे सारखा उतरलेला नाही. शीर्षकगीतात शेजारीण आवाजाला वैतागून पोलीस बोलावते आणि पोलीस जोला सल्ला देतात की चर्चच्या कार्यक्रमांत मन रमव. लगेच पुढचं गाणं ‘कॅथॉलिक गर्ल्स’! ही कोपरखळी आजही बसते. उपकरणांची पूजा करणारा पंथही मस्त, सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाला काढलेला चिमटा लपत नाही. पण मधली बरीच गाणी बायकांच्या अंगावर घसरतात आणि तिथेच श्रोत्यांत फूट पडते. ‘तो दांभिकपणाला हसतोय’ हा बचाव दोन गाण्यांपुरता चालतो, पाचव्या गाण्याला नाही. घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर लावू नका.

दुसरी कटकट म्हणजे सेंट्रल स्क्रुटिनायझर. प्लास्टिकच्या भोंग्यातून कुजबुजत गोष्ट सांगणारा हा आवाज झॅपाचाच. पहिल्यांदा मजा येते, तिसऱ्या ऐकण्यात तो वाटेत येतो. ट्रॅक गाळूनही सुटका नाही, कारण बऱ्याच ठिकाणी तो गाण्यातच मिसळलेला आहे.

खरा माल गिटारचा. यातले बहुतेक सोलो स्टुडिओत वाजवलेलेच नाहीत. त्या वर्षीच्या युरोप दौऱ्यातल्या टेपवरून फक्त गिटार उचलायची आणि स्टुडिओत नव्याने वाजवलेल्या, वेगळ्याच मात्रांच्या ठेक्यावर चढवायची, या करामतीला झॅपा ‘झेनोक्रोनी’ म्हणायचा. ‘आउटसाइड नाऊ’ ११ मात्रांत फिरतं, गिटारची वाक्यं मात्र समेची पर्वा न करता येतात-जातात. पाय ठेका धरून बसला तर चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा आधी दोन-तीन आवर्तनं नुसता विनी कोलाय्यूटाचा ड्रम ऐका, मग गिटारकडे वळा. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बोलताहेत आणि मधूनच त्यांचं जुळतंय, असं ऐकू येतं.

मोठा अपवाद: ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’. गोष्टीत संगीत संपलेलं आहे आणि हा सोलो जोच्या फक्त डोक्यात वाजतोय. गंमत अशी, की नेमका हा सोलो अल्बमसाठी प्रत्यक्ष स्टुडिओत बसून वाजवलेला. सुमारे नऊ मिनिटं, ९ मात्रा (४ आणि ५ अशा मोजल्या की सम सापडते). खाली तीच छोटी घडण फिरत राहते, वर एकेक सूर लांबवत नेलेला. घाई कुठेच नाही. सुरुवातीला भोंगेवाला बोलतो तेवढं सोसा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. सुरांची लांबत जाणारी शेपूट हाच इथला जीव आणि नेमकी तीच तिथे कापली जाते.

सलग दोन तास नको असतील तर पहिला अंक एका बैठकीत ऐका. तिसरा दुसऱ्या दिवशी, ‘ही यूज्ड टू कट द ग्रास’पासून. ‘साय बोर्ग’ची नऊएक मिनिटं गोष्टीसाठी एकदा ऐकली की पुरे.

जुन्या एलपी घेणाऱ्यांनी जपावं. पहिला अंक सुटा मिळतो, त्यात गाणी सोपी आणि गिटार कमी. तेवढाच ऐकून ‘झॅपा म्हणजे नुसता चावटपणा’ असं म्हणणारे बरेच भेटतात. पैसे एकाच खरेदीपुरते असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या अंकाचा जोड एलपी घ्या.