कोल्हापूर वीकेंड रिव्ह्यू: शनिवार नवऱ्याचा, रविवार माझा

लग्नाला सात वर्षं झाली आणि आमचा एक करार अजून टिकून आहे, बाहेर फिरायला गेलो की शनिवार नवऱ्याचा आणि रविवार माझा. त्याला कुठलीही मॅच चालते, कबड्डी, क्रिकेट, अगदी सोसायटीच्या पार्किंगमधली पोरांची सुद्धा. मला जुनी दगडी बांधकामं, वाडे, म्युझियम. तोटा एवढाच की दोघांपैकी एकजण कायम घड्याळ बघत असतो. मागच्या वर्षी एका मोठ्या क्रिकेट स्टेडियमला गेलो होतो (नाव घेत नाही), तिथे गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, पॉवरबँक काढून घेतली, लिपस्टिक सुद्धा उघडून बघितली, आत पाण्यासाठी पाऊण तास लाईन, आणि मॅच संपल्यावर अंधारात गाडी शोधत इतकं चाललो की दोघं दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. वर आजूबाजूला बघण्यासारखं काय, तर माळरान.

त्यामुळे ह्यावेळी कोल्हापूर ठरवलं, पुण्यापासून साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तांबडा-पांढरा आणि अंबाबाईबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय, मी त्यावर वेळ घालवत नाही. दर्शन झालं, जेवण झालं, दोन्ही उत्तम. मी लिहितेय ते फुटबॉल, खासबाग (कुस्तीचं मैदान) आणि दोन म्युझियमबद्दल.

आधी लॉजची तक्रार संपवते. नाव देत नाही पण फोनवर "मंदिरापासून पाच मिनिटं" सांगितलं ते बहुतेक बुलेटवर आणि रात्री दोन वाजता. गरम पाणी सहा ते आठ, म्हणजे सहा वाजून दहा मिनिटांनी कोमट. विचारलं तर "सगळ्यांनी एकदम नळ सोडलाय वो" असं उत्तर. बरं.

शनिवारी दुपारी शाहू स्टेडियम. कोल्हापूरची फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही, मला पण नवऱ्याने तीन वेळा सांगितलेलं आणि मी तीन वेळा हो हो केलेलं. इथे टीम म्हणजे कंपनीची नाही, पेठेची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, अशी नावं. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची, तिथलीच पोरं फुटबॉल खेळायला लागली आणि गल्लीच्या गल्ली पाठीशी उभी राहिली. वर्ल्डकप आला की ह्याच गल्ल्यांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सीचे कटआऊट लागतात. २०१७ ला भारतात अंडर-१७ वर्ल्डकप झाला त्यात आपल्या टीममध्ये अनिकेत जाधव होता, तो इथलाच.

सीझनमध्ये बऱ्याचदा एका दुपारी दोन मॅच असतात, एकामागून एक. तिकीट इतकं स्वस्त की मी खिडकीवर दोनदा विचारलं, एकाचं का दोघांचं. बसायला सिमेंटच्या पायऱ्या, ऊन डोक्यावर, त्यामुळे टोपी आणि खाली घालायला पेपर न्याच. आम्ही कुठल्या दोन टीमची मॅच बघितली ते सांगत नाही, नाहीतर पुढच्या वेळी एका पेठेत चहा मिळायचा नाही. नवरा हुशार, विचार न करता जिथे सावली होती तिथे जाऊन बसला. पाच मिनिटांत मागून एक काका, "कुठल्या पेठेतले वो तुम्ही?" म्हटलं पुण्याचे. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "असूंद्या. आता हितं बसलायसा न्हवं, मग आमचेच."

आणि झालं, आम्ही त्यांचे. शेजारी बायका कमीच होत्या, पण पुढच्या पायरीवर एक कॉलेजची मुलगी होती, मला म्हणते, "मी तर चौथीपासनं येतो मॅचला, पप्पांबरोबर यायचो." हे येतो-जातो-खाल्लो मी ऐकून होते, कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात, पण प्रत्यक्ष ऐकलं आणि इतकं आवडलं की दिवसभर मी पण "मी आलो, मी बसलो" चालू केलं, नवरा वैतागला. त्या मुलीला प्रत्येक प्लेअरचं नाव, गल्ली, मागच्या सीझनला कुठल्या टीममधून खेळला आणि का सोडली, सगळं पाठ. रेफ्रीने ऑफसाईड दिलं तर ती उभी राहून जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. मैदानात बॉल आमच्या साईडला आला की आख्खी पायरी एकदम पुढे झुकते, आणि बॉल बाहेर गेला की हजारेक लोकांचा "अय्यय्य्य" असा एकच सुस्कारा, तो आवाज टीव्हीवर कधीच ऐकला नव्हता. सेकंड हाफला फ्री किक मिळाली, भिंत उभी राहिली, काकांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून दाखवलं, "आता ह्यो डाव्या पायानं मारणार बघा," आणि त्याने उजव्या पायाने मारली, बारच्या वरून. काका म्हणाले, "ऐकतच न्हाई."

मॅच एक-शून्यने हरलो. हरलो म्हणजे आम्ही, बघा. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं आश्चर्य वाटलं. एक सूचना मात्र, दोन मोठ्या पेठांची मॅच असेल तर पोलीस बंदोबस्त जोरात असतो, वातावरण तापतं, लहान मुलं बरोबर असतील तर साध्या मॅचला जा.

तिथून चालत खासबाग. हा शनिवारात मोडतो का रविवारात ह्यावर आमचं रस्त्यात भांडण झालं, कारण मैदान कुस्तीचं पण बांधलंय राजर्षी शाहू महाराजांनी, १९१२ साली. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते, तिथे रोमचं कलोझियम बघितलं आणि तसं काहीतरी आपल्याकडे कुस्तीसाठी पाहिजे म्हणून हे. त्या दिवशी कुस्ती नव्हती त्यामुळे मैदान रिकामं, आणि मला वाटतं रिकामंच बघावं एकदा. खोल बशीसारखा आकार, मधे आखाडा, चारी बाजूंनी चढत जाणाऱ्या बसायच्या जागा, मधे एक खांब नाही. तीसेक हजार माणूस बसतं म्हणतात. मी अगदी वरच्या टोकाला जाऊन बसले, नवऱ्याला खाली आखाड्याच्या कडेला उभं केलं, आणि तो हातवारे करून काहीतरी दाखवत होता ते स्वच्छ दिसत होतं (भेळ खायची का विचारत होता). शंभर वर्षांपूर्वी स्क्रीन नाही, काही नाही, शेवटच्या रांगेतल्या माणसाला सुद्धा पट (पाय धरून पाडायचा डाव) कुणी काढला ते दिसलं पाहिजे, एवढाच हिशोब. त्या क्रिकेट स्टेडियमला आमच्या सीटसमोर खांब होता, आणि तिकिटावर ते लिहिलेलं नव्हतं.

आखाड्याच्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मळतात, त्यामुळे पडलं तरी अंग सोलवटत नाही, हे एका वस्तादांनी सांगितलं, बाहेर बाकावर बसले होते. खाशाबा जाधवांचा विषय त्यांनीच काढला. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. मग ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. वस्ताद हे असं सांगत होते जणू परवाच झालंय.

शेजारीच भिंतीला भिंत लागून केशवराव भोसले नाट्यगृह, हे पण शाहू महाराजांचं, १९१५ चं. ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं ते. आम्ही गेलो तेव्हा पत्रे लावलेले, फटीतून जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि दोघं गप्पच झालो. मग खाऊ गल्ली, भेळ, आणि रात्री गंगावेशेच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दिलेलं कोमट दूध. मला अर्धा ग्लासच गेलं, खरं सांगते. नवऱ्याने दीड प्यायलं आणि रात्रभर त्याचा हिशोब दिला.

रविवार माझा. न्यू पॅलेस सगळ्यांना माहितीये, काळ्या दगडाचा, १८८४ ला पूर्ण झाला, आर्किटेक्ट मेजर मँट, बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पण मूळ त्याच्याच डिझाईनचा. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे, लोक जरा बघतात तरी. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, सकाळच्या उन्हात जा, संध्याकाळी ते रंग पेटत नाहीत. शिकारीच्या सेक्शनला नवरा जागा झाला. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे हे त्याला माहितीच नव्हतं, "म्हणजे ही पण लीगच की," म्हणाला.

पण माझं ऐकाल तर टाऊन हॉलचं म्युझियम चुकवू नका, गर्दी जातच नाही तिकडे. ती इमारत पण मँटचीच, १८७० च्या दशकातली, बागेत झाडं, तोफा, गारवा. आत ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. त्यात पॉसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव, कोल्हापुरात! वीतभर सुद्धा नसेल. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा त्यातून आलेली. एक हात वर, वजन एका पायावर, मी काचेला नाक लावून उभी, आणि माझ्या डोक्यात काय आलं तर कालचा फ्री किकवाला, तो पण किक मारायच्या आधी अस्साच उभा होता. हे नवऱ्याला सांगायला वळले तर साहेब बाहेर बागेतल्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेले. दुधाचा परिणाम.

आता कामाचं. टाऊन हॉल म्युझियम सोमवारी बंद असतं, त्यामुळे जोडून सुट्टी काढून सोमवारी बघू असा प्लॅन करू नका. फुटबॉलचा सीझन हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, पण मॅचचं वेळापत्रक स्थानिक पेपरात बघा नाहीतर सरळ रिक्षावाल्याला विचारा, त्याला स्कोअर सकट माहिती असतं. गाडी लॉजवरच ठेवा, शहरातलं सगळं चालत नाहीतर रिक्षाने होतं. पन्हाळा ह्यात बसवायला जाऊ नका, त्याला वेगळा दिवस द्या. हायवेचं काम सातारा-कराडच्या पुढे बऱ्याच ठिकाणी चालू होतं, आम्हाला येताना दीड तास जास्त लागला, ट्रेनने गेलात तर सुखी रहाल.

फुटबॉल पाचपैकी पाच, खासबाग पाच, टाऊन हॉल साडेचार (अर्धा बाकाचा कापला, नवऱ्याची मान धरली), दूध अडीच, लॉज अर्धा, तो पण "वो" साठी. पुढच्या वेळी खासबागेत कुस्त्यांचं मैदान भरेल तेव्हा जायचंय, तो शनिवार कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.