गिटारची घरघर: तांब्याची टेप, कंडक्टिव्ह पेंट की स्वयंपाकघरातली फॉइल?

काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. अ‍ॅम्प चालू ठेवून गिटार गळ्यात अडकवा आणि जागेवरच सावकाश फिरा. घरघर एका दिशेला वाढून दुसऱ्या दिशेला जवळपास विरत असेल, तर ती ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूंच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांची कंपनं टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागात) शिरते आहे. 50 किंवा 60 हर्ट्झची ही घरघर पातळ तांबं अडवत नाही, अ‍ॅल्युमिनियमही नाही. तिथे हमबकर (दोन कॉइल एकमेकांची घरघर खोडतात असा पिकअप) किंवा त्याच मापाचा दोन कॉइलचा पिकअपच हवा. जाझ बेसवाल्यांनी (दोन सिंगल कॉइल पिकअपची बेस गिटार) दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून पाहावेत. पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असले, तर घरघर तिथेच मिटते.

तारांना हात लावताच कमी होणारा चरचराट मात्र शिल्डिंगने, म्हणजे वायरिंग असते त्या गिटारच्या पोकळीला आतून वीज वाहणारं अस्तर देऊन ते ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या वायरला) जोडण्याने, बराच आटोक्यात येतो. हात लावल्यावर उलट वाढत असेल, तर आधी वायरिंग तपासा.

माझी पहिली पसंती तांब्याच्या टेपला. तिच्यावर थेट सोल्डर बसतं, त्यामुळे ग्राउंडची वायर जोडणं सोपं जातं. घेताना गोंद कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहणारा आहे ना, एवढं नक्की बघा. साधा गोंद असेल, तर एकमेकांवर चढवलेले तुकडे वरून जोडल्यासारखे दिसतात, पण विजेच्या दृष्टीने सुटेच राहतात. मग प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

बेसच्या अरुंद, वाकड्यातिकड्या पोकळीत टेप बसवणं म्हणजे डोक्याला ताप. तिथे पेंट बरा. दोन-तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. कार्बनच्या पेंटचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो, पण या कामाला तो चालतो. सोल्डर बसत नाही, म्हणून ग्राउंडची वायर लग (टोकाला बसवायची धातूची छोटी कडी) लावून स्क्रूने आवळायची. एकदा लावलेला पेंट काढणं मात्र जिकिरीचं.

फॉइल सर्वात स्वस्त. पिकगार्डच्या (गिटारच्या पुढच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) पाठीमागे अख्खा एकच तुकडा चिकटवला, तर उत्तम काम देते, कारण पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) आवळले की त्यांचं धातूचं अंग तिला आपोआप टेकतं. पोकळीत तुकडे जोडत बसू नका: सांध्यात गोंद आडवा येतो आणि अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही.

जॅक आणि पॉट यांच्यात अंतर जास्त असेल, तर तिथे शिल्डेड वायर टाका. खर्च किरकोळ.

यातलं काहीही निवडलंत, तरी पिकगार्डची फॉइल पोकळीच्या काठाला टेकली पाहिजे आणि सगळं ग्राउंडला जोडलेलं असलं पाहिजे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून पाहा, लगेच कळेल. झाकण लावल्यावर आवाजच बंद झाला, तर जॅककडे बघा. केबल घातली की जॅकची सिग्नलची पट्टी बाहेर झुकते आणि नव्या शिल्डिंगला चिकटते. तेवढ्या जागेवर इन्सुलेशन टेप लावा आणि केबल घालूनच पुन्हा तपासा.