प्रबंध लिहिताना लेखन कक्षाचा उपयोग झाला का? दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधक विद्यार्थ्यांसाठी लेखन कक्ष सुरू झाला, तेव्हा मी नोंदणीचं चौथं वर्ष संपवत होते. महाविद्यालयात शिकवायचं, घर बघायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी. विषय धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या खोऱ्यातली फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून शेतीला वाटून घ्यायची जुनी रीत. साहित्य भरपूर जमलं होतं: मुलाखतींच्या अकरा वह्या, जुन्या पाणीवाटपाच्या नोंदी, गॅझेटिअरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाच्या झेरॉक्स. प्रकरण मात्र एकही पक्कं झालेलं नव्हतं. ऑगस्टपासून मेपर्यंत दहा महिने मी हा कक्ष वापरला. त्यात एकोणीस वैयक्तिक बैठका झाल्या आणि शनिवारच्या सामूहिक लेखनाला जमेल तसं गेले. 'जाऊ का?' असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिथं काय चालतं ते सांगते. दोन दिवस आधी जास्तीत जास्त सहा पानं मेलवर पाठवायची. पंचेचाळीस मिनिटांची वेळ मिळते. समोर बसणारी व्यक्ती तुमच्या विषयातली असेलच असं नाही. ती शुद्धलेखन तपासत नाही, वाक्यं दुरुस्त करून देत नाही. मला पहिल्याच दिवशी याचा राग आला होता. तीन तास बस करून आले ते कोणीतरी लाल पेन चालवेल या आशेनं, आणि समोर बसलेल्या मॅडमनी पेन हातातसुद्धा घेतलं नाही.

त्यांनी मला माझंच पान मोठ्यानं वाचायला लावलं. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबवून विचारलं, "पाटकऱ्याबद्दलचं हे वाक्य तुमचं की गॅझेटिअरचं?" मला पटकन सांगता येईना. तळटीप होती, पण ती परिच्छेदाच्या शेवटी, आणि मधली चार वाक्यं कोणाची हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. मग त्या म्हणाल्या, "कागद पालथा ठेवा आणि या प्रकरणात तुम्हाला काय म्हणायचंय ते मला सांगा. मला फड म्हणजे काय तेही माहीत नाही असं समजा."

मी सांगायला लागले. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटावर भिजणारं गावाचं रान. ते रान फडांत वाटलेलं, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकाच वेळी, एकाच मापानं देता येतं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला गावानं द्यायचा. आणि बोलता बोलता मी म्हणाले, "विहिरी आल्या म्हणून फड मोडले असं सगळे सांगतात. पण मी पाहिलेल्या तीन गावांत उलटं झालंय. पाटाच्या शेपटाला पाणी पोचेनासं झालं, म्हणून शेवटच्या शेतकऱ्यानं आधी विहीर खणली."

त्या म्हणाल्या, "हे कुठल्या पानावर आहे?"

प्रकरण अडुसष्ट पानांचं होतं आणि हे वाक्य होतं एकसष्टाव्या पानावर, एका मुलाखतीच्या खाली. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळ्या परिच्छेदांच्या समासात एकेक ओळ लिहिली: हा परिच्छेद काय सांगतो. ही त्यांनीच दिलेली रीत. धुळं येईपर्यंत लक्षात आलं की बावीस परिच्छेद नुसतं 'सिंचनाचा इतिहास' सांगतात आणि माझ्या मुद्द्याला त्यातले चारच लागतात. पुढच्या तीन आठवड्यांत ते प्रकरण अडुसष्टाचं एकेचाळीस पानांवर आलं. माझ्या गाइडना, म्हणजे सरांना दिलं तेव्हा त्यांनी पहिली दोन पानं वाचून विचारलं, "मॅडम, हे आधी का नाही लिहिलंत?" चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा प्रकरण परत न पाठवता ठेवून घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. कक्षात जाण्याआधी गाइडना सांगा. मी सांगितलं होतं, म्हणून सरांना ते खटकलं नाही. आशयाचा निर्णय त्यांचाच राहतो, कक्षातली माणसं त्यात पडत नाहीत. पण मागून कळलं तर कोणालाही वाईट वाटेल.

दुसरा मोठा उपयोग झाला तो उसनवारीची, म्हणजे वाङ्मयचौर्याचा ठपका येण्याची भीती जाण्यासाठी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरण बंद, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. हे आकडे ऐकून माझ्यासारखी माणसं अवतरणं द्यायलाच घाबरतात. कक्षातल्या एका सत्रात मला नीट कळलं की संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळलेली असतात. मी उगाच जुन्या नोंदींची भाषा माझ्या शब्दांत बदलत बसले होते. ती परत मूळ शब्दांत, अवतरणात आणली. 'पाळी' (पाणी घ्यायची वेळ), 'शेपट' (पाटाचं शेवटचं टोक) हे शब्द त्या माणसांचे आहेत, ते तसेच राहायला हवेत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी टंकलेखनाकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावं. माझी पहिली तीन प्रकरणं बाजारातल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झाली होती. दिसायला सुंदर, पण आत साठवलेली सगळी रोमन अक्षरं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर त्यात मराठी वाचूच शकत नाही. रूपांतर केलं तर रफार भलतीकडे गेले, जोडाक्षरं फुटली, आणि तीन प्रकरणं दुरुस्त करण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. कक्षातल्या एका तरुण मुलानं मला इनस्क्रिप्ट हा युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा कळफलक शिकवला. आता मी स्वतः टाइप करते. संदर्भांसाठी त्यानंच झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते मोफत आहे, आणि अकरा वह्यांतल्या नोंदी त्यात भरल्यावर तळटिपा शोधत बसावं लागत नाही. शेवटची सूची तेवढी डोळ्यांनी तपासा. संगणक 'क्ष' ला 'क'च्या पोटात घालतो, आणि आपल्या अकारविल्हेत क्षीरसागर ज्ञ च्या अलीकडे, अगदी शेवटी यायला हवेत.

आता जे कमी पडतं ते. सोमवारी सकाळी दहाला वेळा खुल्या होतात आणि पंधरा मिनिटांत संपतात. त्या वेळी माझा तास असतो. नोकरी करून पीएचडी करणाऱ्यांसाठी काही वेळा राखून ठेवायला हव्यात, हे मी दोनदा लेखी कळवलंय. ऑनलाइन बैठक मिळते, पण बाहेरगावच्यांना प्राधान्य नाही. मराठी मसुदा वाचणाऱ्या एकच मॅडम, बाकी सगळे इंग्रजीवाले. मॅडम रजेवर होत्या त्या फेब्रुवारीत मराठी, इतिहास आणि लोकप्रशासन विभागांतल्या आम्हा सगळ्यांचं काम थांबलं. मराठी माध्यमातले इतके प्रबंध होतात, तर किमान तीन माणसं हवीत. आणि शुद्धलेखन तपासत नाहीत हे मला आता पटलंय, पण मग चांगल्या मुद्रितशोधकांची यादी तरी द्यावी.

शनिवारच्या सामूहिक लेखनाबद्दल थोडक्यात: मोबाइल टोपलीत, पन्नास मिनिटं लेखन, दहा मिनिटं चहा, अशा तीन फेऱ्या. घरी शांतता नसलेल्यांनी जरूर जावं. मला तिथं एका शनिवारी सातशे शब्दांपर्यंत मजल मारता आली.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमाल सहा वर्षं, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. मला ती सवलत लागेल असं धरूनच मी चालले होते. आता लागेलसं वाटत नाही. चौथ्या प्रकरणाची सहा पानं काल पाठवली आहेत, आणि शुक्रवारची साडेअकराची वेळ मिळाली आहे.