‘आयसी गेलीय’ म्हणाले आणि कार्डच बदललं

बिलावर एकच ओळ होती: ‘मदरबोर्ड वायफाय सेक्शन रिपेअर, ४,८०० रुपये’. कुठला भाग टाकला त्याचं नाव नाही, नंबर नाही, वॉरंटी नाही. लॅपटॉप सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा. एका सकाळी वायफायचं चिन्हच गायब झालं, आसपासची नावं दिसेनात. दुकानात सांगितलं, "काकू, ओल लागलीय. बोर्डावरची आयसी गेली." (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, लॅपटॉपची मुख्य सर्किट पट्टी; आयसी म्हणजे त्यावरची चिप.) २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सांगलीत ‘ओल’ म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही. काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर.

चार दिवसांनी लॅपटॉप परत आला, वायफाय सुरू. पण घरच्या राउटरची नावं दोन, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं. पूर्वी लॅपटॉप दुसऱ्याला जोडलेला असायचा, आता ते नाव यादीतच येईना. "राउटरमध्येच प्रॉब्लेम असेल," असं दुकानातून उत्तर आलं. मोबाईलवर मात्र तेच नाव ठणठणीत दिसत होतं.

चोरी पकडली गेली ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्या भागांची विंडोज ठेवते त्या यादीत. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून तो उघडा, वरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा आणि ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’ पसरवा. विंडोज पूर्वी लावलेल्या वायफाय कार्डाची नोंद सहसा पुसत नाही, फिकट करून ठेवते. इथे फिकट अक्षरांत इंटेलचं ड्युअल बँड ७२६५ दिसत होतं आणि ठळक अक्षरांत रियलटेकचं ८७२३बीई. पहिलं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतं, दुसरं फक्त २.४ वर. म्हणजे ‘५जी’ नाव दिसणार तरी कसं? (हे ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही.) झाकण उघडलं तर अँटेनाच्या दोन वायरींपैकी एकच कार्डाला लावलेली, दुसरी टोकाला पिवळी टेप गुंडाळून कडेला दाबलेली.

बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय मदरबोर्डावर नसतंच. २२ बाय ३० मिलीमीटरचं, पोस्टाच्या तिकिटाएवढं वेगळं कार्ड असतं, एका स्क्रूवर बसलेलं. काही अगदी पातळ मॉडेलांत ते बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तो अपवाद. नवं कार्ड साधारण हजार-दोन हजारांत येतं आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. ‘बोर्ड रिपेअर’ म्हटलं की बिल फुगवता येतं, म्हणून तो शब्द.

काकूंच्या मूळ कार्डाला नक्की काय झालं होतं ते आता कळायला मार्ग नाही, कारण ते परतच मिळालं नाही. पण चिन्ह अचानक गायब होणं हे बऱ्याचदा कार्ड नुसतं अडकल्याचं लक्षण असतं. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, कारण साध्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून ठेवा. पुष्कळ वेळा एवढ्यावर कार्ड परत दिसतं.

चिन्ह आहे पण नेट नाही, ही गोष्ट निराळी. तिथे आधी एअरप्लेन मोड बघा. मग स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून उघडा आणि तिथे ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाका. त्यात दिसणारा आयपी पत्ता (नेटवर्कमधला लॅपटॉपचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही: राउटर बंद-चालू करा, वायफायचं नाव ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. नेटवर्क रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात. तरीही शंका राहिली तर कुणाचा तरी यूएसबी वायफाय डोंगल लावून पाहा. डोंगलवर नेट धडाधड चाललं, तर राउटर आणि विंडोज दोन्ही ठीक; दोष कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नाहीतर अँटेनाच्या वायरीत.

दुकानात द्यायचाच झाला तर आधी डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढा. कार्डच दिसत नसेल तर फिकट नावाचा काढा. ‘फॉरमॅट करू नये’ असं जॉबशीटवर लिहून घ्या. फॉरमॅट केलं की ती फिकट नोंदही पुसली जाते, आणि काही जण नेमकं त्यासाठीच ‘विंडोज नवीन टाकून देतो’ म्हणतात. काढलेला भाग परत हवा, हेही तिथेच लिहून घ्या. बिलावर कार्डाचं पूर्ण मॉडेल पाहिजे, ‘वायफाय सेक्शन’ नको. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

काकूंना फोटो दाखवल्यावर २,००० रुपये परत मिळाले. कार्ड मात्र "भंगारात गेलं".

नवं कार्ड स्वतः आणणार असाल तर इंटेलचं एएक्स२०१ स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका. ते ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं, बाकीच्यात ओळखलंही जात नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, पण काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कंपनीने ठरवलेल्या कार्डांशिवाय दुसरं घेत नाही, ते आधी तपासा. वायरींची टोकं बोटाने सरळ खाली दाबा, ‘टिक’ होईपर्यंत. तिरकी दाबलीत तर कार्डावरची गोल कडी तुटते, आणि मग ते कार्ड गेलंच.