आय-२१० कार्डावर पीटीपी : आठ महिन्यांनंतर, आणि त्या ३७ सेकंदांबद्दल

पीटीपी म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून दोन पीसींची घड्याळं अतिशय बारकाईने जुळवायची पद्धत, आणि आय-२१० हे ती पद्धत जमणारं इंटेलचं नेटवर्क कार्ड. मागच्या आठवड्यात भोसरीत दुपारभर लाइट नव्हती. यूपीएस संपला आणि वर्कशॉपमधले आठ महिने सलग चाललेले दोन्ही पीसी बंद पडले. लाइट आल्यावर जे झालं, त्यासाठी हे लिहितोय.

एक पीसी स्पिंडलच्या मोटरचा करंट नोंदवतो, दुसरा बेअरिंगचं व्हायब्रेशन. व्हायब्रेशनचे सेकंदाला १०,००० सॅम्पल, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये १०० मायक्रोसेकंद. एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवायची नेहमीची, ढोबळ पद्धत) दोन पीसींत कधी एक, कधी तीन मिलिसेकंदांचा फरक पडायचा. टूल जॉबला टेकल्याचा क्षण दोन आलेखांत काही केल्या जुळेना.

आधी मदरबोर्डवरचंच पोर्ट वापरायचं ठरवलं होतं. चिपच्या माहितीपत्रकात हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग (पॅकेट आल्या-गेल्याची वेळ चिपनेच नोंदवणं, पीटीपीला हेच लागतं) लिहिलेलं, पण ‘ईथटूल’ ही नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड मोठ्या टी सोबत चालवली की ‘पीटीपी हार्डवेअर क्लॉक’पुढे ‘नन’, म्हणजे काहीच नाही. चिपमध्ये सोय आहे, ड्रायव्हरने ती उघडलीच नाही. सर्व्हिस सेंटरला चार वेळा लिहिलं, चारही वेळा ‘ड्रायव्हर अपडेट करा’ एवढंच उत्तर. पैसे घेताना छापलेली सोय नंतर मिळत नसेल, तर ती छापू नये.

मग जुनी, सर्व्हरमधून काढलेली दोन आय-२१० कार्डं घेतली, अडीच हजारांना एक. पीटीपी समजणारा स्विच परवडणारा नव्हता, म्हणून कार्डाला कार्ड सरळ एका केबलने जोडलं. दोनच पीसी असतील तर स्विच लागतच नाही. लिनक्सचा ‘आयजीबी’ ड्रायव्हर ही कार्डं लगेच ओळखतो आणि कार्डातलं घड्याळ ‘/डेव्ह/पीटीपी०’ या नावाने हजर होतं. कार्डातलं घड्याळ दर ८ नॅनोसेकंदांनी पुढे सरकतं. प्रत्येक वेळी किती सरकायचं तो आकडा ड्रायव्हर किंचित कमी-जास्त करतो. वेळ उडी मारत नाही, फक्त चाल बदलते. दोन कार्डांमधला फरक १० नॅनोसेकंदांच्या आसपास, कार्ड आणि सिस्टीमच्या (म्हणजे पीसीच्या) घड्याळात, पुढे येणारे ठरलेले ३७ सेकंद वजा केल्यावर, २०० च्या आत. पाच हजारांत हे मिळालं याचा आनंद मला आजही आहे. दुसऱ्या पीसीवरचं ‘टाइमसिंकडी’ (लिनक्सचा एनटीपीने वेळ लावणारा प्रोग्रॅम) मात्र बंद करा, नाहीतर एनटीपी आणि पीटीपी दोघं एकच घड्याळ ओढत बसतात.

आता मूळ दुखणं. लाइट आल्यावर दोन्ही पीसी आपोआप सुरू झाले. लॉग पाहिला : ‘एस-२’, म्हणजे लॉक (घड्याळ जुळलेलं), आकडे नेहमीसारखे. पण आलेखात करंटचं टोक आधी आणि व्हायब्रेशनचं बऱ्याच वेळाने. दोन दिवस मी कार्डालाच दोष देत होतो. केबल बदलली, कार्डं अदलाबदल केली. तिसऱ्या दिवशी फरक नीट मोजला, तो बरोबर ३७ सेकंद भरला आणि डोक्यात प्रकाश पडला.

पीटीपी अणुघड्याळांच्या टीएआय वेळेवर चालतं, आपला पीसी यूटीसीवर, म्हणजे रोजच्या वापरातल्या जागतिक वेळेवर. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला यूटीसीत अधूनमधून एक जादा ‘लीप सेकंद’ घालतात, टीएआयमध्ये नाही. १ जानेवारी २०१७ पासून टीएआय ३७ सेकंदांनी पुढे आहे. (शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे त्या दिवशी पहाटे साडेपाचच्या तोंडावर पडला होता.) कार्डाची वेळ पीसीच्या घड्याळात उतरवणाऱ्या ‘पीएचसी-टू-सिस’ प्रोग्रॅमला डॅश डब्ल्यू दिलं, की तो हा फरक ‘पीटीपी-फोर-एल’कडून (कार्डांची घड्याळं आपसात जुळवणारा प्रोग्रॅम) विचारून घेतो आणि वजा करतो. डॅश मोठा ओ देऊन पुढे शून्य लिहिलं, तर कार्डाची वेळ जशीच्या तशी पीसीत उतरते.

सुरुवातीच्या दिवसांत कार्ड आणि सिस्टीममध्ये ३७ सेकंदांचा फरक दिसला, तेव्हा मला ती चूक वाटली होती. ती ‘दुरुस्त’ करायला मी दुसऱ्या पीसीच्या सर्व्हिस फाइलमध्ये हेच शून्य लिहिलं. पुढे सगळं समजल्यावर डॅश डब्ल्यू लावून प्रोग्रॅम हाताने चालू केला, तोच आठ महिने चालला. फाइल तशीच राहिली. चूक माझीच. तरी माझी तक्रार आहे : घड्याळ ३७ सेकंद चुकलेलं असताना लॉग ‘सगळं ठीक’ म्हणतो. ज्या शून्याकडे तो बघतो, ते शून्य आपणच दिलेलं असतं.

म्हणून लॉगवर विसंबू नका. कार्डाचं घड्याळ तपासणाऱ्या ‘पीएचसी-सीटीएल’ कमांडला ‘सीएमपी’ देऊन कार्ड आणि सिस्टीम यांतला फरक रोज बघा. तिथे ३७ सेकंद दिसले तर तब्येत ठणठणीत, शून्य दिसलं तर काहीतरी बिघडलंय. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. २०३५ किंवा त्याआधीपासून लीप सेकंद घालणं थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे, पण म्हणून हा फरक जाणार नाही.

फेकून द्यायला काढलेली कार्डं पुन्हा बसवली आहेत. फाइलमध्ये डॅश डब्ल्यू लिहून काल संध्याकाळी दोन्ही पीसी मुद्दाम तीन वेळा बंद करून चालू केले. तिन्ही वेळा दोन्हीकडे ३७.